मुंग्यांची आगोट

मे महिना सरत आला की मार्वेच्या धक्क्यावरून बोटीत बसावं आणि खाडी ओलांडून मनोरीला उतरावं. वलांड्यांवर शेवटचे बोंबील वाळत असतात आणि कोळणी घडीघडी मान वर करून आभाळ बघत असतात. ईस्ट इंडियन घरांच्या अंगणांत मसाल्याच्या मिरच्या उन्हात पसरलेल्या असतात. मीठ, चिंच, जळण, सुकट, जवळा, सगळं कोरडं आहे तोवर घरात घ्यायचं असतं. या लगबगीला आपल्या भाषेत एक नेमका शब्द आहे, आगोट. पावसाळ्याच्या तोंडचा काळ म्हणजे आगोट, आणि त्या काळात करून ठेवायची चार महिन्यांची बेगमी म्हणजेही आगोटच.

त्याच अंगणाच्या कडेला, भिंतीच्या पायथ्याशी, आणखी एक आगोट चाललेली असते. मुंग्यांची ओळ मातीतल्या एका भोकाकडे निघालेली असते. कुणाच्या तोंडात गवताचं बी, कुणाच्या तोंडात जवळ्याचा तुकडा. दुपारचं ऊन चढलं की ओळ विरते आणि सावली पसरली की पुन्हा भरते. ढग दाटून आले, हवा ओलसर झाली की तिची चाल बदलते. मिरच्या गोळा करणारी बाई आणि बी ओढणारी मुंगी, दोघी एकाच आभाळाचा हुकूम पाळत असतात.

मुंगी खरंच ऋतू ओळखून धान्य साठवते का? आज हा प्रश्न बालिश वाटेल, पण दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या नामवंत कीटक-अभ्यासकांचं उत्तर ‘नाही’ असं होतं. त्या उत्तराला धक्का बसला तो महाराष्ट्रात, पुण्याच्या कवायतीच्या मैदानालगतच्या पडीक जमिनीवर. तारीख होती १९ जून १८२९.

आपल्याकडे मुंगीची ही ओळख फार जुनी. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त लवकरच पाऊस येणार असल्याची लक्षणं दिली आहेत. कुणी त्रास दिलेला नसताना मुंग्या अंडी हलवू लागल्या, तर पाऊस जवळ आला असं समजावं, हे त्यांतलं एक. गावोगावची म्हातारी माणसं आजही तेच सांगतात. मनोरी-गोराईच्या चर्चमध्ये जे बायबल वाचलं जातं, त्यातही शलमोन राजाचा आळशी माणसाला उपदेश आहे, की मुंगीकडे जा आणि ती उन्हाळ्यात आपलं अन्न कसं गोळा करते ते बघ. हिंदुस्थान काय किंवा भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा काय, उष्ण आणि कोरड्या ऋतूत राहिलेल्या माणसांनी मुंगीला ऋतू ओळखून वागताना पाहिलं होतं.

अडचण झाली ती उत्तरेकडच्या थंड देशांतल्या पंडितांची. १७४७ साली विल्यम गोल्ड या इंग्रज पाद्र्याने इंग्लंडमधल्या मुंग्यांवर पुस्तक लिहिलं. त्याला कुठल्याही बिळात धान्याचं कोठार सापडलं नाही. १८१० साली जिनेव्हाच्या पिएर ह्युबेरने मुंग्यांचा फार बारकाईने अभ्यास केला, आणि त्यालाही ते दिसलं नाही. दोघांच्या नजरेत खोट नव्हती. त्यांच्याकडच्या मुंग्या हिवाळ्यात गारठून निपचित पडून राहतात. जी खातच नाही, ती साठवेल कशाला? पण आपल्या अंगणात जे दिसलं नाही ते जगात कुठेच नाही, असा निष्कर्ष त्यातून रूढ झाला. प्राचीन लोकांनी मुंग्यांचे पांढरे कोष पाहिले आणि त्यांनाच धान्याचे दाणे समजले, असं सांगितलं जाऊ लागलं. पिढ्यान् पिढ्यांचं पाहणं एका वाक्यात भ्रम ठरलं.

हा वाद ठाऊक असलेला एक माणूस त्या वेळी पुण्यात होता. विल्यम हेन्री साइक्स, जन्म १७९०, कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाल्यानंतर नव्याने हाती आलेला मुलूख इंग्रजांना मोजून-मापून हवा होता. त्यासाठी १८२४ साली गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टनने साइक्सला मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी नेमलं. पुढची काही वर्षं तो दख्खनभर हिंडला. शेतं, पिकं, बाजारभाव, लोकसंख्या यांची नोंद करणं ही त्याची नोकरी, पण त्याची वही तिथे थांबली नाही. दख्खनचे पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या याद्या त्याने केल्या. आपल्या रानकुत्र्याचं शास्त्रीय वर्णन करताना मराठी माणसं त्याला काय म्हणतात, तो ‘कोळसून’ हा शब्दही त्याने टिपून ठेवला. साइक्सचा चंडोल हे पक्ष्याचं नाव आजही त्याची आठवण ठेवून आहे.

आपल्या कथेसाठी त्याची आणखी एक सवय महत्त्वाची आहे. तो हवेची मोजमापं ठेवत असे. वायुभारमापक, तापमापक, पावसाच्या नोंदी हे सगळं त्याने दख्खनच्या पठारावर वर्षानुवर्षं चालवलं. त्यातून दख्खनच्या हवामानावरचा त्याचा मोठा निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. आज दिवस कोरडा आहे की ओला, हे रोज तारखेसह लिहिणारा हा माणूस. एका सकाळी फिरायला गेला असताना त्याने खाली पाहिलं.

पाऊस नुकताच सुरू झाला होता आणि त्यानंतर ऊन पडलं होतं. मैदानाजवळच्या बिनलागवडीच्या जमिनीवर त्याला गवताच्या बियांच्या लहान लहान राशी दिसल्या, वीसहून अधिक. प्रत्येक रास साधारण मूठभर. वाकून पाहिलं तेव्हा शेकडो मुंग्या जमिनीखालच्या कोठारातून एकेक दाणा वर आणून उन्हात टाकत होत्या. बी वरीच्या कुळातल्या गवताचं होतं. ते गवत जानेवारी-फेब्रुवारीत पिकतं, म्हणजे हा साठा तेव्हापासून खाली पडून होता. पहिल्या पावसाचं पाणी आत शिरलं असणार आणि धान्य भिजलं असणार. उघडीप मिळताच मुंग्यांनी ते वाळवायला काढलं, असा त्याने अर्थ लावला.

साइक्स इथेच थांबला असता तर त्याची नोंद एक गंमत म्हणून विसरली गेली असती. पण आपण जे पाहतो आहोत ते युरोपातल्या जाणकारांच्या विरोधात जातं, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने मुद्दाम खात्री करून घेतली, की या वस्तू मुंग्यांचे कोष नाहीत, बियाच आहेत. मग तो बघत राहिला. बिळाचं तोंड उभ्या विहिरीसारखं होतं आणि ओझं कित्येक मुंग्यांना झेपणारं नव्हतं. काठाजवळ पोचलेली मुंगी दाण्यासकट तळाशी कोसळे, पण तोंडातला दाणा सोडत नसे. पडली की पुन्हा चढायला लागे. त्या चिकाटीने तो लष्करी माणूस हेलावला. माणसाने यातून काही शिकावं, असं त्याने लिहून ठेवलं.

नंतर त्याने जे केलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. तो वाट बघत राहिला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला, परतीचा पाऊस विजांच्या गडगडाटासह आटोपल्यावर, त्याला त्याच जातीच्या मुंग्या ठिकठिकाणी तेच करताना दिसल्या. एक रास तर ओंजळभर होती. पावसाळ्याच्या दोन टोकांना दोन तारखा आणि दोन्हींची सांगड पाऊस-उन्हाशी. जी गोष्ट एकदा दिसली असती तर योगायोग ठरली असती, ती दोनदा दिसल्यावर नियमासारखी उभी राहिली.

मुंगीचं हे वागणं दख्खनच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागलं नसतं. तोही धान्य जमिनीत, पेवात साठवत असे. पेवात पाणी शिरलं की धान्य कुजतं किंवा त्याला मोड येतात, हे त्याला ठाऊक होतं. इथे गवत काही महिनेच पिकतं आणि वर्षाचा मोठा भाग जमीन कोरडी असते, पण हिवाळा मुंगीला झोपवण्याइतका कडक नसतो. म्हणजे भूक बारा महिने आणि सुगी मोजके दिवस. अशा ठिकाणी ज्या मुंगीने साठा केला तीच टिकली. इंग्लंडच्या मुंगीला कोठार नव्हतं आणि पुण्याच्या मुंगीला होतं, यात दोघींच्या बुद्धीचा फरक नव्हता. फरक त्यांच्या डोक्यावरच्या आभाळाचा होता.

साइक्स १८३१ साली मायदेशी गेला आणि १८३५ मध्ये लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्याने हिंदुस्थानातल्या मुंग्यांच्या नव्या जातींची वर्णनं छापली. धान्य वाळवणाऱ्या मुंगीला त्याने नाव दिलं ‘प्रोव्हिडेन्स’, म्हणजे दूरदर्शी, पुढची सोय पाहणारी. आज ती फायडोली प्रोव्हिडेन्स म्हणून ओळखली जाते. या कुळात कामकरी मुंग्या दोन प्रकारच्या असतात, लहान आणि मोठ्या डोक्याच्या. मोठ्या डोक्यातला जबड्याचा जाडजूड स्नायू कठीण बी फोडण्याच्या कामी येतो.

त्याच लेखात आणखी दोन मुंग्या आहेत. एक झाडावर घर बांधणारी. पुणे जिल्ह्यात आणि सह्याद्रीत त्याला झाडांवर शेणाचे गोळे दिसले. जवळून पाहिलं तर शेणाच्या पातळ चकत्या कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या होत्या, पाणी ओघळून जावं आणि आत थेंब शिरू नये म्हणून. घाटातल्या पावसाने त्या मुंगीला छप्पर शाकारायला शिकवलं होतं. कीटकशास्त्राच्या जाणत्या विल्यम कर्बीचं नाव साइक्सने या मुंगीला दिलं.

दुसरी म्हणजे आपला घरोघरचा काळा डोंगळा. पुण्यातल्या साइक्सच्या घरी जेवणघराजवळ एका लहान टेबलावर गोडधोड झाकून ठेवलेलं असे. डोंगळे लागू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते. आपल्या आज्याही दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवत. आधी ते पाणी डोंगळ्यांना अडवत होतं. मग काहींनी धीर केला, पुष्कळ बुडाले, काही पार गेले. पायांना टर्पेंटाइन लावलं तेव्हा काही दिवस शांतता मिळाली. मग एके दिवशी टेबल पुन्हा डोंगळ्यांनी भरलं. कसे आले ते कळेना. शेवटी साइक्सने पाहिलं, की एक डोंगळा भिंतीवर टेबलाच्या वर फूटभर चढला आणि तिथून त्याने अंग सोडलं, तो थेट टेबलावर. साइक्सने या मुंगीला नाव दिलं ‘इन्डिफेसा’, न थकणारी. पुढे अभ्यासकांनी ती आधीच नाव मिळालेल्या कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस जातीचीच असल्याचं ठरवलं आणि ते सुंदर नाव मागे पडलं. पण प्रसंग मागे पडला नाही. मुंगीची अन्नाची वाट ठरीव नसते, वाटेतल्या प्रत्येक अडथळ्याने ती नव्याने आखली जाते, हे त्यात लख्ख दिसतं.

पुण्याची नोंद छापून आल्यावर तिला युरोपात जोड मिळायला आणखी अडतीस वर्षं लागली. जॉन ट्राहर्न मॉग्रिज हा तरुण इंग्रज निसर्गअभ्यासक प्रकृतीच्या कारणाने भूमध्य किनाऱ्यावर, फ्रान्सच्या मेंतों गावी राहत असे. तिथे त्याने मुंग्यांची कोठारं खणून काढली, त्यांतल्या बिया पाहिल्या, मोड फुटलेल्या बियांचे कोंब मुंग्या कुरतडतात हेही पाहिलं. १८७३ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात साइक्सच्या पुण्यातल्या नोंदींना त्याने मानाने जागा दिली. पुढच्याच वर्षी तो वारला. शलमोन आणि गावोगावची म्हातारी माणसं अखेर खरी ठरली होती.

इकडे मुंबईतही मुंगीकडे पाहणारे गोळा होत होते. १८८३ च्या सप्टेंबरात भायखळ्याच्या संग्रहालयात आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत दोन मराठी डॉक्टर होते, प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे अभ्यासक सखाराम अर्जुन. त्याच आठांत होता एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, साताऱ्यात १८५१ साली जन्मलेला, सरकारच्या जकात आणि मीठ खात्यातला अधिकारी. मिठागरं आणि बंदरं हीच त्याच्या नोकरीची जागा. कोकण किनाऱ्यावर आंब्या-फणसाच्या पानांची घरटी शिवणाऱ्या तांबड्या ओंबिलांचा चावा खाऊनही त्यांच्याकडे प्रेमाने पाहणारा हा माणूस. १८९० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्याने त्या घरट्यांवर टिपण लिहिलं.

दोनच वर्षांनी वनखात्यातल्या रॉबर्ट चार्ल्स रॉटनने त्याच नियतकालिकात ‘आपल्या मुंग्या’ अशा अर्थाच्या शीर्षकाची मोठी लेखमाला लिहिली. पुण्यात आणि इतरत्र नोकरी करताना त्याने मुंग्या गोळा केल्या आणि त्या स्वित्झर्लंडमध्ये ऑग्युस्त फोरेलकडे पाठवल्या. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ आणि जीव मुंग्यांत. हिंदुस्थान आणि सिलोनच्या मुंग्यांवरची त्याची फ्रेंच लेखमाला मुंबईच्या या नियतकालिकात १८९२ पासून कित्येक वर्षं येत राहिली. १९०३ साली चार्ल्स टी. बिंगहॅमचा हिंदुस्थानातल्या मुंग्यांवरचा ग्रंथ निघाला, तो या सगळ्या पायावर.

या पिढीने मुंग्यांना नावं दिली, त्यांची घरं आणि सवयी टिपल्या. ऊन-पाऊस मुंगीला नेमकं कसं चालवतो, हे मोजण्याचं काम विसाव्या शतकाने केलं. सुरुवात एका खगोलशास्त्रज्ञाने केली. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत हार्लो शॅप्ली रात्री तारे बघत असे आणि दिवसा भिंतीकडेच्या मुंग्या. त्याने त्यांच्या चालीची वेळ घड्याळाने मोजली. ऊब वाढेल तशी चाल वाढे आणि ती इतकी नियमाने, की मुंगीच्या वेगावरून हवेचं तापमान साधारण एका अंशाच्या फरकाने सांगता येई. १९२० साली त्याने हे प्रसिद्ध केलं. मुंगीचं रक्त आपल्यासारखं स्वतःची ऊब राखत नाही. भोवतालच्या उबेवर तिचे पाय चालतात.

पुढे वासाची वाट उलगडली. अन्न सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर वासाची रेघ ओढत येते आणि बाकीच्या त्या रेघेवरून जातात. अमेरिकेत एडवर्ड विल्सनने आगमुंग्यांवर प्रयोग केले, तेव्हा एका मुंगीने काचेवर ओढलेली रेघ दोन मिनिटांच्या आत उडून जाते असं दिसलं. अन्न शिल्लक असेल तर परतणारी प्रत्येक मुंगी रेघ पुन्हा गिरवते, संपलं की रेघ आपोआप पुसली जाते. आता उन्हाचं गणित उमगतं. जमीन तापली की वास लवकर उडतो, सर आली की रेघ धुऊन जाते. मनोरीच्या अंगणातली ओळ दुपारी विरते आणि सावलीत भरते, ती याच कारणांनी.

त्याहून खोलवर पाहिलं ते डेबोरा गॉर्डन यांनी. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात बी वेचणाऱ्या मुंग्यांच्या त्याच त्या वस्त्यांकडे त्या १९८० च्या दशकापासून वर्षानुवर्षं जात राहिल्या. तिथे बाहेर पडलेली प्रत्येक मुंगी अंगातलं पाणी गमावते आणि ते पाणी तिला बियांतूनच परत मिळतं. बिळाच्या तोंडाशी थांबलेली मुंगी दाणे घेऊन परतणाऱ्या मुंग्यांची वर्दळ अनुभवते. वर्दळ दाट असेल तर निघते, विरळ असेल तर थांबते. हुकूम देणारं कुणी नसतं. २०१३ मध्ये गॉर्डन यांनी दाखवून दिलं, की तापलेल्या कोरड्या दिवशी आवरतं घेणाऱ्या वस्त्यांनाच पुढे अधिक लेक-वस्त्या झाल्या. जास्त वेचणाऱ्यांपेक्षा दिवस ओळखून थांबणाऱ्यांचा वंश वाढला.

आणि समुद्राचं काय? ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर पॉलिरॅकिस सोकोलोव्हा नावाची मुंगी खारफुटीच्या चिखलात घर करते. भरतीचं पाणी चढतं तेव्हा ती बिळात कोंडलेल्या हवेवर तग धरते आणि ओहोटीला चिखलावर अन्न शोधत फिरते. तिच्या कामाच्या वेळा चंद्र ठरवतो. मनोरीच्या खाडीकाठी तिवरांतून चिंबोऱ्या शोधणाऱ्या माणसाला हे वेळापत्रक ओळखीचं वाटेल.

मी पुन्हा त्या अंगणात येतो. आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या आगोटीची तारीख ठरलेली होती. मृग नक्षत्र जूनच्या सुरुवातीला लागतं, जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्याआधी वाळवण आटपायचं. पण २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला. ज्या दिवसांत बोंबील वाळायचे त्या दिवसांत वलांड्या भिजू लागल्या, तर कोळणीचं नुकसान डोळ्यांना दिसतं. जमिनीखालच्या पेवांत त्या पावसाने काय झालं, किती कोठारं भिजली, उघडीप किती दिवसांनी मिळाली, मुंग्यांनी बी वर काढलं की सोडून दिलं, हे कुणी लिहून ठेवलं?

साइक्सकडे होतं ते थोडकंच, एक वही, पावसाची मोजणी आणि वाकून बघण्याची तयारी. मुंगी पाऊस ओळखून वागते, ही समजूत आपल्याकडे त्याच्या आधी कित्येक शतकं होती. त्याने तिला तारीख जोडली, आणि १९ जून व १३ ऑक्टोबर या दोन नोंदी जवळपास दोनशे वर्षांनी आजही कामाच्या आहेत. बदलत्या पावसाच्या काळात आपल्याकडची समजूत अशीच तारखांनी बांधली पाहिजे. मनोरीच्या शाळेतल्या मुलाने पहिल्या सरीनंतरच्या पहिल्या उन्हात कुंपणाकडेला जावं, मातीच्या भोकाभोवती बियांची मूठभर रास दिसते का ते बघावं, आणि वहीत दिवस लिहावा. घरातली आजी त्याच वेळी भिजलेल्या मिरच्या पुन्हा अंगणात पसरत असेल.